रसाला प्रकाश, उभ्या उसाला अंदाज: सांगली जिल्ह्यातील सहकारी साखर कारखान्यांना खुले पत्र

प्रति,
सन्माननीय अध्यक्ष, संचालक मंडळ व शेती अधिकारी,
सांगली जिल्ह्यातील सर्व सहकारी साखर कारखाने

विषय: उभ्या उसाची वाढ पान न तोडता प्रकाशाने मोजण्याची व्यवस्था गट कार्यालयांत करण्याबाबत.

स. न. वि. वि.

मी आपल्यापैकी एका कारखान्याचा सभासद आहे. वाळवा तालुक्यात कृष्णाकाठी माझा दोन एकर ऊस आणि अर्धा एकर द्राक्षबाग आहे, आणि निवृत्त होईपर्यंत मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत होतो. दरवर्षी गळीत हंगामात बारावीच्या मुलांना घेऊन मी कारखान्याच्या प्रयोगशाळेत येत असे, कारण पुस्तकातला प्रकाशाचा धडा रोजच्या कामाला जुंपलेला दाखवायला आमच्या भागात दुसरी जागा नव्हती. रसाचा एक थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाकला की किरण किती वाकतो त्यावरून ब्रिक्स, म्हणजे रसात विरघळलेल्या घन पदार्थांचे प्रमाण, कळतो. निवळलेला रस पोलरीमीटरच्या नळीत भरला की ध्रुवित प्रकाशाची पातळी किती फिरते त्यावरून पोल, म्हणजे रसातल्या साखरेचे प्रमाण, कळते. फाटकाच्या आत आल्यावर उसाची पारख अशी प्रकाशाने होते. फाटकाबाहेर मात्र जुलै-ऑगस्टात लावलेला आडसाली ऊस सोळा-अठरा महिने उभा असतो, आणि तेवढा सगळा काळ त्याची तब्येत आम्ही शेतकरी आणि ऊसनोंदीला येणारा कारखान्याचा कर्मचारी, म्हणजे चिटबॉय, बांधावर उभे राहून नजरेने ठरवत असतो. हे पत्र त्या सोळा-अठरा महिन्यांबद्दल आहे.

पानावर पडलेल्या उजेडाचे पान काय करते, हे रंगारंगाने सुटे करून पाहणे म्हणजे वर्णपटाचे मोजमाप, ज्याला आपण स्पेक्ट्रोस्कोपी म्हणतो. हरितद्रव्य ४३० ते ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा आणि ६६० ते ६८० च्या आसपासचा तांबडा प्रकाश शोषून घेते. ५५० च्या आसपासचा हिरवा त्यातल्या त्यात जास्त परत येतो, म्हणून पान आपल्याला हिरवे दिसते. ७०० च्या पुढे माणसाची नजर संपत येते, पण पानाकडे सांगण्यासारखे बरेच काही तिथूनच सुरू होते. त्या निकट-अवरक्त प्रकाशाचा हरितद्रव्याला काही उपयोग नसतो. तो पानाच्या आत शिरतो, पेशी आणि त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्या यांच्या सीमांवर पुन्हा पुन्हा आपटतो, आणि निरोगी पानातून त्यातला जवळजवळ निम्मा बाहेर फेकला जातो. त्यामुळे परावर्तनाचा आलेख काढला तर ६८० ला तळाशी असलेली रेषा ७५० पर्यंत घाटासारखी उभी चढते. या चढाला तांबडी कड म्हणतात. नत्र कमी पडून हरितद्रव्य घटू लागले की हा चढ आखूड तरंगलांबीकडे सरकतो. सरकणे काही नॅनोमीटरचेच असते, आणि त्या वेळी बांधावरून पाहणाऱ्याला फड अनेकदा हिरवागारच दिसत असतो. आणखी पुढे, ९७० आणि १४५० नॅनोमीटरला, पानातले पाणी प्रकाश शोषते, त्यामुळे तहानलेले पीकही याच आलेखात ओळखता येते.

आता ‘पान न तोडता’ या शब्दांवर मी एवढा भर का देतो, ते सांगतो. द्राक्ष बागायतदारांना पानाच्या देठातली अन्नद्रव्ये तपासणारे देठ परीक्षण ठाऊक आहे: एप्रिलच्या खरड छाटणीनंतर साधारण ४५ दिवसांनी, काडीत सूक्ष्म घडनिर्मिती चालू असताना, बुडापासून पाचव्या पानाचे देठ बागभर फिरून शे-दीडशे गोळा करायचे, धुऊन कागदी पिशवीत भरायचे आणि प्रयोगशाळेत नेऊन द्यायचे. एका वर्षी माझा अहवाल तेराव्या दिवशी हातात आला. तो नीटनेटका छापलेला होता आणि माझ्या समजुतीप्रमाणे बिनचूकही होता, पण ज्या काडीबद्दल तो बोलत होता ती तोवर पुढच्या अवस्थेत गेली होती. दीडशे पाने गेल्याने बागेचे काही बिघडत नाही, हे मला मान्य आहे. अडचण अशी की तोडलेल्या पानाला पुढच्या आठवड्यात काही विचारता येत नाही. पुढच्या वेळी दुसऱ्याच वेलीचे दुसरेच पान तोडावे लागते, आणि दोन अहवालांतला फरक वाढीचा आहे की वेलींचा, हे सांगता येत नाही. उसात तर वाढीचे खरे वजन काढायचे म्हणजे बेटच उपटून वाळवावे लागते, आणि पक्वता पाहायची तर कांडीला भोक पाडून रस काढावा लागतो. प्रकाश पानावर पडून निघून जातो. तेच पान, त्याच उसावर, आठ-दहा दिवसांनी पुन्हा मोजता येते, आणि आलेख निघतो तो एका रोपाच्या वाढीचा.

यासाठी लागणारे यंत्र काही नवलाईचे नाही. जपानच्या मिनोल्टा कंपनीचे स्पॅड-५०२ हे क्लोरोफिल मीटर जगभरच्या शेती संशोधकांच्या खिशात वर्षानुवर्षे आहे. त्याच्या चिमट्यात पान धरले की ६५० नॅनोमीटरचा तांबडा आणि ९४० चा अवरक्त असे दोन प्रकाश पानातून आरपार जातात, आणि दोन्हींच्या तुलनेतून एक आकडा पडद्यावर येतो. आकड्याला एकक नसते, आणि मोजली गेलेली जागा असते अवघी २ गुणिले ३ मिलीमीटर. हे यंत्र माझ्यासारख्या दोन एकरवाल्याला परवडत नाही. म्हणून माझ्या एका माजी विद्यार्थ्याने बाजारात काही हजारांत मिळणाऱ्या, ४१० ते ९४० नॅनोमीटरपर्यंत तरंगलांबीचे १८ पट्टे वाचणाऱ्या सेन्सरचे एक जुगाड करून दिले: पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा, आतून काळा रंग, एका टोकाला सेन्सर आणि दिवा, दुसऱ्या टोकाला पान. परावर्तन मोजायचे तर आधी शंभर टक्के परत देणारा पांढरा पृष्ठभाग लागतो. तो आम्ही नळजोडणीला गुंडाळतात त्या पांढऱ्या टेफ्लॉन टेपचे पुष्कळ थर एका फरशीच्या तुकड्यावर चढवून केला. प्लंबरच्या दुकानातली पंधरा-वीस रुपयांची टेप हा आमच्या प्रयोगशाळेचा सर्वांत विश्वासू भाग आहे, हे मी थट्टेने म्हणत नाही.

हे घेऊन मी तीस उसांना लाल लोकरीचे धागे बांधले आणि दहा आठवडे त्याच तीस उसांची पाने मोजली, नवे पान आले की धागा वर सरकवत. पहिल्या दोन आठवड्यांत मी यंत्राबद्दल कमी आणि माझ्या निष्काळजीपणाबद्दल जास्त शिकलो. सकाळी सातला दव असते. थेंब पडलेल्या पानावर आकडा नाचतो. पानाच्या मधल्या शिरेवर यंत्र टेकले तर वाचन पानाचे नसते, शिरेचे असते. एकाच पानावर बुडाकडे एक आकडा आणि टोकाकडे पाच-सहा अंकांनी निराळा, इतका फरक मी पाहिला. शेवटी नियम ठरला: दव उठल्यावर, दहाच्या पुढे, वरून मोजत आले की पाते आणि खालचे आवरण यांच्यातला सांधा ज्या पहिल्या पानावर उघडा दिसतो ते पान, त्याच्या लांबीच्या मध्यावर, शीर आणि कड यांच्या बरोबर मध्ये. हा नियम लागू झाल्यापासून आकडे शहाण्यासारखे वागू लागले.

तरीही एक चूक मी केलीच, आणि ती सांगितल्याशिवाय हे पत्र प्रामाणिक होणार नाही. शेताच्या एका पट्ट्यात आकडे उतरू लागले. मी लगेच नत्र कमी पडले असे धरून युरिया टाकला. पंधरा दिवसांनी पट्टा होता तसाच पिवळा होता. नोंदीला आलेल्या चिटबॉयने सरीत दोन पावले आत जाऊन शेंडा वाकवून पाहिला आणि म्हणाला, “सर, हा केवडा हाय, फेरस टाका.” केवडा म्हणजे लोहाअभावी पान पिवळे पडणे. आमच्या चुनखडीच्या जमिनीत लोह असते, पण ते मुळांना मिळत नाही. नत्राची उणीव खालच्या जुन्या पानांवर आधी दिसते आणि लोहाची शेंड्याकडच्या कोवळ्या पानांवर, शिरा हिरव्या ठेवून मधली जागा पिवळी करत. हे मी मुलांच्या जीवशास्त्राच्या वहीतही वाचले होते. यंत्र मला एवढेच सांगत होते की हरितद्रव्य घटले आहे. ते का घटले, हे तांबड्या आणि अवरक्त प्रकाशाला ठाऊक नसते. हिराकस (फेरस सल्फेट) शेणखतात मुरवून दिल्यावर पट्टा सुधारला, आणि युरिया वाया गेला तो गेला.

म्हणूनच माझी आपल्याला पहिली विनंती अशी की यंत्रे घेण्याआधी तुलनेची पट्टी मनावर घ्यावी. अमेरिकेत नेब्रास्कामध्ये मक्यावर झालेल्या कामातून आलेली ही साधी पद्धत आहे. शेताच्या एका भागात नत्र कमी पडणारच नाही एवढे आधीच देऊन ठेवायचे, आणि बाकी शेताचा आकडा त्या पट्टीच्या आकड्याशी ताडून पाहायचा. तो पट्टीच्या ९५ टक्क्यांच्या खाली गेला की पीक नत्र मागते आहे असे धरायचे. या तुलनेत वाण, जमीन, हवामान आणि यंत्राच्या खोडी दोन्हीकडे सारख्याच असतात, म्हणून त्या आपोआप वजा होतात. केवडा असेल तर तोही बहुधा पट्टीवर तसाच दिसतो, आणि माझ्यासारखा माणूस युरियाचे पोते फोडण्याआधी थांबतो. मक्याचा ९५ चा आकडा उसाला जसाच्या तसा लागेल असे मी म्हणत नाही. तो आपल्या जमिनीत, आपल्या वाणांवर ठरवावा लागेल. को ८६०३२ चे पान आणि फुले २६५ चे पान रंगाने आणि जाडीने सारखे नसते, तेव्हा एका वाणाचा आकडा दुसऱ्याला लावणे म्हणजे एकाच्या चष्म्यातून दुसऱ्याने वाचणे होईल.

हा निर्णय नेमका केव्हा उपयोगी पडतो तेही पाहावे. कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्र चार हप्त्यांत द्यायचे: लागणीला १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४०, बारा ते सोळा आठवड्यांनी १० आणि मोठ्या बांधणीला, म्हणजे उसाच्या बुडाला माती चढवताना, उरलेले ४०. हा शेवटचा हप्ता एकरी ६४ किलो नत्राचा, म्हणजे ४६ टक्के नत्राच्या युरियाचे सुमारे १३९ किलो, ४५ किलोच्या पोत्यांत मोजले तर तीन पोती आणि वर थोडा. मोठी बांधणी झाल्यावर फड मिटतो आणि खत घेऊन सरीत शिरणे अशक्य होते. तेव्हा बांधणीच्या आधीचा आठवडा हाच एकरी तीन पोत्यांचा निर्णय घेण्याचा शेवटचा क्षण असतो, आणि आज तो निर्णय शेजाऱ्याने किती टाकली यावरून होतो. मी स्वतः अनेक वर्षे तसाच घेतला आहे.

येथे कोणी विचारील की उपग्रहाचे नकाशे मोबाइलवर फुकट मिळत असताना शेतात उतरून पाने कशाला मोजायची. युरोपीय अवकाश संस्थेचे सेंटिनेल-२ उपग्रह २०१५ पासून हीच तांबडी आणि अवरक्त बातमी आणतात, आता दर पाच दिवसांनी, आणि विनामूल्य. त्याबद्दल मला आदरच आहे. त्यांच्या चित्राचा एक ठिपका जमिनीवर १० मीटर गुणिले १० मीटरचा असतो, म्हणजे आपला जवळजवळ नेमका एक गुंठा. आपल्या हिशेबाला इतका सोयीचा ठिपका दुसरा शोधून सापडणार नाही. पण तांबडी कड वाचणारे पट्टे २० मीटरचे आहेत, म्हणजे चार गुंठ्यांना एक रंग, आणि बांधावरच्या ठिपक्यात माझा ऊस, शेजाऱ्याचा सोयाबीन आणि मधली बोरी-बाभळी एकत्र ढवळली जाते. साडेचार फुटांच्या चार सऱ्यांची तुलनेची पट्टी अठरा फुटांची होते, म्हणजे एका ठिपक्यातही मावून उरते. ती आकाशातून दिसायचीच नाही. शिवाय जुलै-ऑगस्टात लागण करायची आणि सप्टेंबरअखेरपर्यंत आभाळ झाकलेले; ढगांमधून हा प्रकाश आरपार येत नाही, त्यामुळे ४० टक्क्यांच्या पहिल्या मोठ्या हप्त्याच्या वेळी नकाशा बहुधा मागच्या महिन्याचा असतो. पुढे फड दाटला की तांबडा प्रकाश जवळजवळ सगळाच शोषला जातो, एनडीव्हीआय हा हिरवळ मोजण्याचा नेहमीचा निर्देशांक वरच्या टोकाला जाऊन टेकतो, आणि बरा ऊस आणि उत्तम ऊस एकाच गडद हिरव्यात रंगतात.

माझ्या शेतातला नदीकडचा कोपरा क्षारपड आहे. दोन वर्षांमागे तिथे उगवण जेमतेम झाली आणि पावसानंतर लव्हाळा माजला. एका खासगी अ‍ॅपने त्या कोपऱ्याला ‘उत्तम वाढ’ असा शेरा दिला होता. लव्हाळ्याची वाढ उत्तम होती, यात शंका नाही. नकाशे टाकून द्यावेत असे मी सुचवत नाही. कुठल्या गटात, कुठल्या शिवारात आधी जाऊन पाहायचे हे ते चांगले सांगतात. तिथे गेल्यावर काय करायचे, ते सांगायला पानाजवळ जावे लागते.

हे काम कारखान्यानेच का करावे, याचे उत्तर पैशांच्या हिशेबात आहे, आणि तो हिशेब थोडा अवघड वाटला तरी मांडतो. युरियाचे पोते शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांना मिळते. माझी मोजणी अगदी बरोबर निघून एकरी एक पोते वाचले तरी माझे वाचले किती, तर तेवढेच. त्यासाठी कोणी तीस उसांना लोकर बांधत बसणार नाही. उलट नत्र जादा झाले की ऊस लोळतो, पाणकोंब वाढतात, पक्वता लांबते आणि साखर उतारा, म्हणजे गाळलेल्या उसातून निघणाऱ्या साखरेचे प्रमाण, घसरतो. एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान रास्त दर, १०.२५ टक्के मूळ उताऱ्याशी बांधलेला आहे आणि तो मिळतो कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर. माझा उतारा घसरला तर तोटा सगळ्या सभासदांत विभागला जातो. मी काळजी घेतली तर फायदाही तसाच विभागला जातो. असे असताना एकट्या शेतकऱ्याने स्वतःच्या खर्चाने यंत्र घ्यावे अशी अपेक्षा धरणे व्यवहाराला धरून नाही. ज्याच्या सरासरीत हा फरक उमटतो त्यानेच ते घ्यावे, आणि तो म्हणजे आपण.

खर्च फार नाही. गट कार्यालयात एक चांगले क्लोरोफिल मीटर, दोन चिटबॉयना दोन दिवसांचे शिक्षण, आणि पहिल्या वर्षी प्रत्येक गटात पाच-सहा तयार सभासदांच्या फडात चार-चार सऱ्यांची पट्टी, एवढ्याने सुरुवात होते. खरा कष्टाचा भाग पुढचा आहे आणि तोच टाळला जाण्याची मला भीती वाटते: मोजलेल्या पानांपैकी काही पाने पहिली एक-दोन वर्षे तोडून रासायनिक पृथक्करणाला पाठवावी लागतील, म्हणजे यंत्राचा कोणता आकडा नत्राच्या किती टक्क्यांना लागतो हे वाणवार आणि जमीनवार ठरेल. पुढे हजारो पाने तोडावी लागू नयेत म्हणून आज काहीशे तोडायची. यासाठी दूर जायला नको. फलटण तालुक्यातले पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र १९३२ पासून आपल्या शेजारी आहे, मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट तर कारखान्यांचीच आहे, आणि त्यांच्यासमोर पन्नास गटांचे एकाच पद्धतीने घेतलेले आकडे ठेवले तर ती माणसे आनंदाने कामाला लागतील. ड्रोन, आणि अवरक्त प्रकाशाने कांडीला भोक न पाडता ब्रिक्स सांगणारी यंत्रे, यांचा विचार त्यानंतर करावा. उसाची साल जाड आणि मेणचट असते, त्यामुळे दुसऱ्या यंत्राला तर पानापेक्षाही जास्त ताडून पाहण्याची गरज लागेल.

आकडे कोणाचे, हेही सुरुवातीलाच ठरावे. माझ्या पानाचा आकडा त्याच दिवशी माझ्या नोंदीच्या चिठ्ठीवर लिहून मला मिळावा. तो खत कंपनीला किंवा विमा कंपनीला माझ्या संमतीशिवाय दिला जाऊ नये, आणि कोणत्याही वर्षी तो ऊस नाकारण्याला किंवा तोडणी मागे ढकलण्याला कारण म्हणून वापरला जाऊ नये. ही शंका उगाच नाही. एकदा मोजमाप हातात आले की त्याचा दंड करण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. शिक्षक म्हणून मलाही होत असे.

जुन्या जाणत्यांच्या नजरेबद्दल दोन शब्द लिहितो, कारण वार्षिक सभेत हा मुद्दा नक्की निघेल. आमचे आण्णा मोटेच्या काळापासून ऊस करत आले आणि पान पाहून खताचे सांगत. बहुतेकदा बरोबर सांगत. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी असतात, म्हणजे तीन पट्ट्यांचा वर्णपटमापकच तो, आणि आण्णांच्या त्या तीन पट्ट्यांमागे पन्नास वर्षांची आठवण होती. पण ढगाळ दिवशी ते शेतात येत नसत. “आज रंग खरा दिसत न्हाई,” म्हणत. पांढरी टेप लावल्याशिवाय मी यंत्र पानाला टेकत नाही, ते याच कारणासाठी.

यंदाची आडसाली लागण माझ्या शेतात झाली आहे. रस्त्याकडच्या पहिल्या चार सऱ्या मी पट्टी म्हणून धरल्या आहेत आणि त्यांच्या टोकांना पांढरे झेंडे लावले आहेत. मोठ्या बांधणीच्या आधीच्या आठवड्यात, कोणत्याही दिवशी, आपल्या शेती विभागाचा माणूस पाठवावा. जुगाड यंत्र, टेप आणि मागच्या वर्षीची वही तयार ठेवतो. फक्त दहाच्या आधी पाठवू नये. नदीकाठी दव उशिरा उठते.

कळावे,

आपला,
एक ऊस उत्पादक सभासद व निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक
वाळवा तालुका, जि. सांगली